तबकडी जुनी, टर्नटेबल नवं

शाहू महाराजांच्या आश्रयाने गायक उस्ताद अल्लादियाँ खाँ कोल्हापुरात स्थिरावले. त्यांच्या शिष्या केसरबाई, मोगूबाई यांच्या तबकड्या घरातल्या जुन्या कपाटात निघाल्या, तर नवं टर्नटेबल घेताना जरा थांबा.

त्या काळच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. मध्यम किमतीची बरीच टर्नटेबलं मात्र ३३ आणि ४५ वरच थांबतात. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी१२० मध्ये तिन्ही वेग आहेत.

नुसत्या वेगाने भागत नाही. ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते. ३३ फेऱ्यांच्या एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासते आणि गाण्याऐवजी खरखर ऐकू येते. त्यासाठी जाड सुई वेगळी घ्यावी लागते. म्हणून सुई बदलता येणारं आणि दांडीमागचं वजन फिरवून सुईचा भार ठरवता येणारं यंत्र हवं. एलपीला साधारण २ ग्रॅम भार पुरतो. सूटकेसवजा स्वस्त प्लेअर दिसतात झकास, पण त्यांत ही सोय सहसा नसते; मी तरी घेणार नाही.

आणि हो, ७८ च्या या लाखेच्या तबकड्या स्पिरिटने पुसू नका. लाख त्यात विरघळते.