विहिरींतला आंधळा मासा

नव्या प्राण्याचा शोध म्हटला म्हणजे घनदाट अरण्य किंवा अथांग समुद्र डोळ्यांपुढें येतो. केरळांतील एका माशाचा शोध मात्र परसांतल्या विहिरींत लागला. पाणी शेंदतांना पोहऱ्यांत क्वचित् सव्वा इंचाचा, तांबूस, वळवळणारा जीव येई. नीट न पाहणारास तो किडाच वाटावा!

पण तो मासा आहे, आणि तोहि आपल्या बाजारांतील मांगुराच्या कुळांतला. जांभ्या दगडाच्या पोकळ्यांतील भूजलांत, नित्य काळोखांत राहून त्याचे डोळे गेले, कातडीचा रंगहि गेला. आंतलें रक्त दिसतें म्हणून तो तांबूस. वाट शोधण्यास उरल्या त्या चार जोड मिशा.

१९५० सालीं मेनन यांनीं कोट्टयमच्या विहिरींतील या माशाचें प्रथम वर्णन केलें. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांच्या सन्मानार्थ त्यांनीं वंशाचें नांव 'होराग्लॅनिस' ठेविलें. पुढें २००४ व २०१२ सालीं त्रिशूर जिल्ह्यांतून आणखी दोन जाती नोंदल्या गेल्या.

नवी जात ठरविण्याची जुनी रीत मापाची आहे. अंगाची लांबी मोजावी, परांतील काट्या मोजाव्या, दांत व हाडें तपासावीं, आणि संग्रहालयांत जपलेल्या मूळ नमुन्याशीं ताडून पाहावें. येथें ही फूटपट्टीच लुळी पडली. दूरदूरच्या विहिरींतले मासे रूपानें जवळजवळ एकसारखे! राजीव राघवन, राल्फ ब्रिट्झ, पुण्यांत दीर्घकाळ संशोधन केलेले नीलेश डहाणूकर आणि त्यांचे सहकारी यांनीं तेव्हां जनुकांचा आधार घेतला. पण तपासावयास मासे हवेत, आणि जमिनीखालीं जाळें कोण टाकणार? म्हणून विहिरींच्या मालकांनाच साद घातली गेली. घरोघरचीं माणसें पोहरा व टाकी निरखूं लागलीं, मासा दिसतांच कळवूं लागलीं. अशीं ४७ नवीं ठिकाणें हातीं आलीं. जनुकांच्या ६५ नव्या नोंदी ताडून पाहतां, दिसावयास सारखे असलेले हे मासे आंतून एकमेकांपासून फार दूर गेल्याचें आढळलें.

त्यांतील एका शाखेस २०२३ सालीं स्वतंत्र जातीचा मान मिळाला. तिचें नांव 'होराग्लॅनिस पॉप्युली', म्हणजे लोकांचा होराग्लॅनिस. प्राण्यांना संस्थानिकांचीं व साहेबांचीं नांवें पुष्कळ मिळालीं. दोर ओढणाऱ्या हातांचा असा गौरव विरळाच.

मात्र त्या मुलखांत जांभ्याच्या खाणी चालतात, विहिरी निर्जंतुक करण्यास त्यांत ब्लीचिंग पावडर टाकतात, आणि पंप भूजल उपसतात. तें पाणी हेंच या माशाचें एकमेव घर.