घरची शाळा आणि घरचा वेळ



या व्याख्यानमालेच्या चालकांनी बोलाविले तेव्हा आम्ही त्यांना स्पष्टच सांगितले, की आम्ही पडलो कामगार संघटनेची माणसे. बोनसवर, महागाईभत्त्यावर बोला म्हणाल तर तास दोन तास बोलू; पण शिक्षणावर बोलण्याचा आम्हांला अधिकार कोणता? कॉलेजची पायरी आम्ही चढलो ती मोर्चा घेऊनच! त्यावर चालक म्हणाले, "म्हणूनच बोला. शाळेवाचून शिकलेला दुसरा माणूस आम्ही कुठून आणू?" तेव्हा आमचे तोंड बंद झाले, आणि त्यामुळेच आज ते उघडावे लागत आहे.

काही कुटुंबे हल्ली मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवितात. याला होमस्कूलिंग म्हणतात. ही परदेशी टूम आहे असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. पंडिता रमाबाईंच्या वडिलांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने ते रमाबाईंना दिले. शाळेचा उंबरठाही न ओलांडलेल्या त्या मुलीला १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' म्हटले. अमेरिकेत जॉन होल्ट नावाच्या शिक्षकाने मुले वर्गात भीतीपोटी कशी हुकतात हे १९६४ साली पुस्तक लिहून दाखविले, आणि १९७७ पासून घरी शिकविणाऱ्या पालकांसाठी पत्रिका चालविली. तेव्हा घरी शिकता येते की नाही हा वादच नाही. वाद आहे तो ते कोणाला परवडते, हा.

येथे थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. आमचे वय बारा. वडील साचेखात्यात. म्युनिसिपालटीची सातवी पुरी करून खाजगी शाळेत आठवीला नाव घातले होते. पण सहामाहीपर्यंत फी थकली आणि नाव पटावरून गेले. मात्र त्याच वेळी एक नवल घडले. वर्षानुवर्षे पाळीवर जाणारा आणि उरल्या वेळी झोपणारा बाप दिवसाउजेडी घरात दिसू लागला. सकाळी तो आम्हांला चाळीच्या कोपऱ्यावरील वाचनालयात नेई व अग्रलेख मोठ्याने वाचावयास लावी. दुपारी गणित. पुस्तक कसले? एका इंचात ताण्याचे इतके धागे, तर बेचाळीस इंच पन्ह्याला किती, हे आमचे गणित. जुन्या पगारचिठ्ठीवरून आम्ही शेकडेवारी शिकलो. आई खानावळीच्या पोळ्या लाटता लाटता हिशेब ऐके आणि चुकला की लाटणे थांबवी. पोटात फारसे काही नसे, पण तेवढे शिक्षण आम्हांला पुढे कोणी दिले नाही.

पुढल्या वर्षी वडिलांना एका गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी लागली. बारा तासांची. घरची शाळा त्या दिवशी बंद पडली. खोली तीच होती, वाचनालय तेच होते, बाप तोच होता. बापाचा वेळ तेवढा गेला होता. आम्ही वर्कशॉपात लागलो आणि सात वर्षांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलो.

हे मनात असल्यामुळे, आमच्या संघटनेतील बँकेत कारकून असलेल्या एका सभासदाने नऊ वर्षांच्या मुलाला शाळेतून काढले तेव्हा आम्ही त्याला फैलावर घेतले. तो म्हणाला, "दादा, पोराच्या रोज सकाळी पोटात दुखतं. रविवारी दुखत नाही. तुम्ही एकदा घरी तर या." आम्ही उपदेश करण्यासाठी गेलो आणि दिवसभर राहिलो.

मुलगा सकाळी आजीबरोबर दळणाचे धान्य तोलून देत होता. मग त्याने विजेच्या मीटरचा आकडा वहीत टिपला. महिन्याचे बिल तो स्वतः आधी काढतो आणि आलेल्या बिलाशी ताडून पाहतो. तासभर बालभारतीची पुस्तके. ती मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. टाकाऊ काड्यापेट्या, बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी करणे अरविंद गुप्तांनी साऱ्या देशाला शिकविले. त्यांनी फुकट खुल्या केलेल्या पुस्तकांत मराठीही पुष्कळ आहेत. त्यावरून दुपारी पंप झाला. नंतर सार्वजनिक वाचनालय. मुलगा आनंदात होता, हे आम्हांला कबूल केलेच पाहिजे. उणे एवढेच, की शेजारची मुले शाळेतून येईपर्यंत त्याला सवंगडी नव्हता.

निघताना आम्ही त्याच्या आईला विचारले, "ताई, तुम्ही स्वतःसाठी शेवटचे पुस्तक कधी वाचले?" ती हसली. नवऱ्याने मान खाली घातली. त्या बाईने या कामापायी नोकरी सोडली होती. आमच्या भाषेत सांगावयाचे तर ती रजा, पाळी आणि बदली कामगार यांवाचून राबत होती. कारखान्यात असे चालले असते तर आम्ही संप पुकारला असता!

मग तेथेच बसून आम्ही पाळीपत्रक केले. प्रत्येक रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार बापाकडे. अशीच आणखी दोन कुटुंबे गावात निघाली; त्यांनी आठवड्याचा एकेक दिवस उचलला. मुलाला सवंगडी मिळाले, आईला दोन दुपारी. आज ती पुन्हा अर्धवेळ कामावर जाते.

आता कायद्याचे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे त्यात पालकाचे कर्तव्य म्हटले आहे. मात्र न घातल्यास शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकविणारी कुटुंबे या फटीत उभी आहेत, हे त्यांनी समजून असावे. परतीची वाट मात्र त्याच कायद्यात आहे: कधीही आलेल्या मुलाला वयाला योग्य त्या वर्गात घ्यावे लागते. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. चौदा वर्षे पुरी झाल्यावर तेथून दहावीला बसता येते. आणि आमचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा.

पण ही मोकळीक हाती घेताना एक गोष्ट विसरू नका. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा असे सांगितले, ते कोणासाठी? ज्यांच्या घरी राहिलेले मूल शिकत नाही, राबते, त्यांच्यासाठी. बालमजुरीचा कायदा २०१६ साली बदलला. मुलाने घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर किंवा सुटीत मदत करावी, एवढी मुभा त्यात आहे. पण ज्याला शाळाच नाही, त्याची शाळा सुटते केव्हा? विडीच्या सुपापुढे बसलेली मुलगीही 'घरीच' असते. तेव्हा ज्यांना घरी शिकविणे साधते त्यांनी खुशाल शिकवावे. परंतु गल्लीतील सरकारी शाळा ओस पडली तर आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नये. तिच्या शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरण्यासाठी आम्ही निवेदन नेऊ तेव्हा त्यावर तुमचीही सही हवी.

नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळविली. तो दिवस केवळ झोपण्यासाठी मागितलेला नव्हता. आज बारा-बारा तास राबणाऱ्या कंत्राटी कामगाराला तोही पुरता मिळत नाही. त्याच्या मुलाला तुम्ही पुस्तक द्या, फोन द्या. शेजारी बसणारे माणूस कोण देणार? घरी शिकविणाऱ्या आईबापांनी आणि आठ तासांसाठी भांडणाऱ्या आम्ही एकमेकांना ओळखावे, एवढ्यासाठी आज येथे उभे राहिलो.