रुळांतील हुकूम

खेळातल्या आगगाडीत चालक बसत नाही. रुळांतून वाहणारी वीजच तिला चालविते. जुन्या पद्धतीत दोन रुळांना जास्तीत जास्त १२ व्होल्टच्या आसपास एकदिश प्रवाह दिला जातो. दाब वाढविला की वेग वाढतो. धन व ऋण टोकांची अदलाबदल केली की गाडी उलट धावते. परंतु हा हुकूम असतो रुळाला. त्याच रुळावर दुसरे इंजिन ठेवल्यास तेही सोबत धावू लागते.

यावर तोड निघाली ती अशी : रुळांत बारीक फटी ठेवून त्यांचे खंड पाडावयाचे आणि गाडी सरकेल तसतसा पुढचा खंड तिच्या नियंत्रकाकडे सोपवावयाचा. गाड्या वाढल्या की हे काम हातांना झेपत नाही.

अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९४६ साली स्थापन झालेल्या 'टेक मॉडेल रेलरोड क्लब'ने ते दूरध्वनी केंद्रांतील रिलेंवर, म्हणजे विजेने उघडमीट होणाऱ्या कळींवर, सोपविले. टेलिफोनची तबकडी फिरवून हवा तो खंड ताब्यात घेता येई. 'हे असेल आणि ते नसेल, तरच' हा तर्क तारांनी गुंफणारे यांतील काही तरुण पुढे संगणकाकडे वळले. १९६२ साली तेथेच तयार झालेल्या 'स्पेसवॉर' या संगणक-खेळाच्या नियंत्रक-पेट्या क्लबमधील सुट्या भागांतून बनल्या.

आज अंकीय पद्धतीत हुकूम थेट त्या त्या इंजिनातील मंडलाला पोहोचतो. तरीही तारांत गुंतलेल्या मुलाला 'अभ्यासाला बस' म्हणण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी क्षणभर थांबावे. कदाचित तो अभ्यासच करीत असेल.