चकती सडते, आवाज जातो



आज कवितेवर बोलणार नाही. सीडीवर बोलणार आहे. हसू नका. ६ डिसेंबरला दादरच्या फुटपाथवर घेतलेल्या भीमगीतांच्या सीड्या आपल्या घराघरात कपाटावर पडल्यात. त्या सडतायत.

१९८२ साली जपानात सीडी बाजारात आली, तेव्हा ती कायमची टिकणार असा गाजावाजा झाला. कायमचं काहीच नसतं, हे बुद्धानं कधीच सांगितलंय. पण जे घडतं त्याला कारण असतं, हेही त्यानंच सांगितलं. म्हणून 'काळानं खाल्लं' म्हणत गप्प बसायचं नाही. कारण शोधायचं.

सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, त्यावर लॅकरचा हात, वर छापील चित्र. गाणं असतं चित्राच्या बाजूला, लॅकरच्या खालीच. आपण चकाकती बाजू जपतो आणि चित्र टेबलावर घासतो. लॅकरला चरा पडला की हवा आणि ओल आत शिरते. अ‍ॅल्युमिनियम विरतं. लेसरचा उजेड परत फिरत नाही. मी गोदीत काम करतो. खारी दमट हवा धातूचं काय करते ते रोज बघतो. आपल्या चाळीतही तीच हवा आहे.

इंग्लंडात ब्लॅकबर्नच्या कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात बनलेल्या कितीतरी सीड्या तपकिरी पडल्या. तिथं थर चांदीचा होता, लॅकर कच्चं होतं; कव्हरच्या कागदातल्या गंधकानं चांदी खाल्ली. कॉम्प्युटरवर भरलेल्या सीडीत तर गाणं रंगाच्या थरात असतं. तो उन्हानं विटतो.

आणि सीडी प्लेअर बारीकसारीक चुका पोटात घालतो. गाणं वाजतंय म्हणजे चकती शाबूत आहे, असं नाही. एक दिवस ती एकदम मुकी होते.

मोठ्या गायकांची सीडी कंपनी पुन्हा छापेल. आपल्या वस्तीतल्या गायन पार्टीची कोण छापणार?

तेव्हा सीडी उजेडासमोर धरा. टाचणीएवढी भोकं दिसली, तर ती आधी कॉम्प्युटरवर उतरवा, मग बाकीच्या. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. कॅसेटची कॉपी फिकी पडायची. इथं आकडे जसेच्या तसे उतरतात. गायकाचं, कवीचं नाव आणि साल लिहायला विसरू नका.

आपल्या पणज्यांच्या कितीतरी ओव्या कुणी टिपून ठेवल्या नाहीत. ही गाणी तरी आपल्या हातात आहेत. येत्या रविवारी सीड्या घेऊन या. कामाला लागू.

जयभीम!