वडिलांचे घर आवरताना

(गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली येथे कुटुंब प्रबोधन मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘कुटुंब’ या विषयावर बोलण्याची सूचना आली, तेव्हा आदर्श कुटुंबाची लक्षणे सांगावीत असे प्रथम मनात आले. परंतु याच गावात, येथून हाकेच्या अंतरावर, गेल्या वर्षी आम्ही चार भावंडांनी वडिलांचे घर आवरले. तेव्हा जे घडले तेच सांगणे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते.

वडील नव्वदाव्या वर्षी गेले. आई त्यांच्या बरीच आधी गेली होती. तेरावे झाले आणि आम्हा दोघा भावांना परतीचे वेध लागले. धाकटा पुण्याला, मी छत्रपती संभाजीनगरला. माळवदाचे सहा खणांचे घर दोन दिवसांत रिकामे करायचे ठरले. नव्वद वर्षांच्या संसाराला आम्ही दोन दिवस दिले! घंगाळ, तपेली, तांब्याचा बंब मोडीच्या भावाने गेले. बळदाच्या तळाशी निजामाच्या काळातील चार हाली रुपये सापडले. त्यांची वाटणी करताना मात्र आम्ही मुळीच घाई केली नाही.

देवघराचा प्रश्न अवघड होता. कुलदेवतेचे टाक आणि बाळकृष्ण कोणी न्यायचे? सदनिकेत जागा नाही, सोवळे-ओवळे होणार नाही, अशी कारणे आम्हा दोघांच्याही तोंडी आली. अखेर धाकट्या बहिणीने देव पदराआड घेतले. वाद तेथेच मिटला आणि आम्हाला सुटल्यासारखे झाले, हेही कबूल केले पाहिजे.

माजघरात एक लाकडी पेटी होती. तीत कागद. काही मोडीत, काही उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त होईपर्यंत येथील सरकारी कारभार उर्दूत चाले, घरचे हिशेब मोडीत. आम्हाला दोन्ही लिप्या येत नाहीत. जे वाचता येत नाही ते निरुपयोगी, असा सुशिक्षितांचा सोयीस्कर न्याय लावून आम्ही पेटी रद्दीवाल्याच्या तराजूपाशी नेऊन ठेवली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे अशाच कागदांसाठी वाड्यावाड्यांतून हिंडले. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो असल्याच दप्तरांतून. त्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीची पोथी आपल्या मराठवाड्यातच, बीडच्या पाटांगणात मिळाली होती. आणि २०२३ साली निजामकालीन नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा केवढा शोध घ्यावा लागला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. हे सारे मला तेव्हाही ठाऊक होते. तरीही पेटी तराजूपाशी गेली.

ती थांबवली ताईने. आमची थोरली बहीण. तिने वरचा एक गठ्ठा उचलला आणि दोरी सोडली. ती पत्रे होती. ४ जुलै १९७५ रोजी संघावर बंदी आली, त्यानंतर वडिलांना ‘मिसा’खाली अटक झाली आणि आणीबाणी उठेपर्यंत ते तुरुंगात होते. त्यांनी आईला लिहिलेली आणि आईने त्यांना पाठवलेली, अशी दोन्हीकडची पत्रे एकत्र बांधलेली होती. प्रत्येकावर तुरुंगाच्या तपासणीचा शिक्का.

ओसरीवर बसून धाकट्याने ती मोठ्याने वाचली. वडील जवळजवळ प्रत्येक पत्रात विचारत होते की थोरलीची शाळा चालू आहे ना, तिचे शिक्षण थांबू देऊ नकोस. आईचे उत्तर दर वेळी एकच : शाळा नियमित चालू आहे, पेरणी झाली, काळजी नसावी.

ताईची शाळा आठवीतच सुटली होती. आई शेतावर जाई, आणि चार वर्षांचा मी व पाळण्यातला धाकटा तिच्या अंगावर होतो. घरची ओढाताण कळली तर वडिलांचा धीर सुटेल आणि सुटकेसाठी ते आश्वासनपत्र लिहून देतील, ही आईची भीती. म्हणून ती खोटे लिहीत राहिली. ताईला हे तेव्हापासून ठाऊक होते. वडील तुरुंगात गेले होते याचा अभिमान आम्ही भावांनी कितीतरी व्यासपीठांवरून सांगितला आहे. तेराव्या वर्षी चूल सांभाळणाऱ्या मुलीचा उल्लेख मी एकदाही केलेला नाही.

आता लाजिरवाणा भाग. त्याच दिवशी सायंकाळी दोघी बहिणींच्या सह्यांसाठी हक्कसोडपत्राचा मसुदा माझ्या पिशवीत तयार होता. “बहिणी काही मागत नाहीत, आपल्याकडे तशी रीतच आहे,” असे मीच धाकट्याला समजावले होते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मतःच मुलाइतका आहे, हे २००५ ची हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२० चा निकाल यांनी स्पष्ट केले आहे. पण कायदा मला आठवला तो पत्रे वाचून झाल्यावर. पिशवी मी उघडली नाही.

ताईला म्हणालो, “यातले तुला काय हवे ते सांग.” ती म्हणाली, “आईची पत्रे दे. बाकी तुम्ही ठरवा.”

आम्ही रजा वाढवली. उरलेले आवरायला अकरा दिवस लागले. मोडी कागद एका जाणकाराकडे दिले आहेत, उर्दूतील कागद वाचून देणारे वयोवृद्ध गृहस्थही भेटले. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराला आता चौघांचीही नावे लागली आहेत, आणि ताईचे नाव पहिले आहे.