कार्ड झालं, तपासणीचं काय?



आपल्या आया आणि आपल्या बाई आता सत्तरीच्या घरात आहेत, म्हणून थोडं कामाचं बोलते.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. काही त्रास नसताना, केवळ खबरदारी म्हणून करायचा मॅमोग्राम त्यात बसत नाही.

मग काय करायचं? टाटा मेमोरियलने मुंबईत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख स्त्रियांचा २० वर्षं अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, नुसत्या हातांनी तपासले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. अशी तपासणी सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत असते.

आई स्वतःहून जाणार नाही. "मला काय धाड भरलीय?" म्हणेल. कार्ड काढायला न्याल, तेव्हा तिथेही न्या. आणि मैत्रिणींनो, पन्नाशी आपल्याही दारात आहे. तिच्याबरोबर आपणही तपासून घेऊ.