आशा आणि उद्यम

गावाचा धंदा बसला की त्याची झळ गावातील चर्चलाही लागते. तरुण मंडळी पोटामागे शहराकडे जातात, दानपेटी हलकी होते, रविवारी बाके रिकामी दिसू लागतात. अशा वेळी धर्मगुरूने लोकांस केवळ धीर धरावयास सांगावे, की आणखी काही करावे? कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील कॅन्सो या कोळ्यांच्या गावाची हकीकत या दृष्टीने मननीय आहे.

नोव्हा स्कोशिया प्रांतातील या गावी १९२२ च्या अखेरीस फादर जेम्स टॉम्पकिन्स यांची नेमणूक झाली. त्यांची पन्नाशी उलटली होती आणि आयुष्याचा मोठा भाग विद्यापीठात गेला होता. येथील कोळी जीव धोक्यात घालून मासे धरीत. परंतु भाव ठरवीत व्यापारी. गरजेच्या वस्तू त्यांच्याकडूनच उधारीवर घ्याव्या लागत आणि हंगाम सरला तरी कर्ज सरत नसे. फादर दारोदार हिंडू लागले. आपल्या दारिद्र्याची कारणे लोकांनी स्वतः शोधावी, यासाठी ते त्यांस बोलते करीत, त्यांच्या हाती पुस्तिका देत. चार-साडेचार वर्षे या खटपटीत गेली. डोळ्यांत भरेल असे फळ दिसले नाही.

१ जुलै १९२७ रोजी कॅनडाच्या संघराज्याचा हीरक महोत्सव होता. त्या दिवशी कॅन्सोचे कोळी सभेस जमले आणि आनंद करण्याजोगे आपल्या वाट्यास काय आले आहे, असे विचारू लागले. आसपासच्या धर्मगुरूंनी त्यांची बाजू उचलून धरली आणि सरकारला चौकशीसाठी शाही आयोग नेमावा लागला. १९२८ मध्ये अँटिगोनिश येथील सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाने विस्तार विभाग स्थापन करून फादर मोझेस कोडी यांस प्रमुख केले. घरोघरी अभ्यासमंडळे बसू लागली. कॅन्सोजवळच्या लिटल डोव्हर या वाडीतील कोळ्यांनी स्वतःच्या श्रमाने शेवंडी डबाबंद करण्याचा कारखाना उभारला. पुढे या किनाऱ्यावर पतपेढ्या व सहकारी दुकानेही निघाली.

तथापि संकटे कायमची टळली, असे नव्हे. समुद्रातील कॉड मासा घटत गेला आणि १९९३ मध्ये त्या भागातील कॉडची मासेमारी बंद करावी लागली. कॅन्सोवर पुन्हा कठीण काळ आला. मात्र एकत्र बसून विचार करण्याची ती रीत त्या किनाऱ्यापुरती राहिली नाही. १९५९ मध्ये अँटिगोनिशला फादर कोडी यांच्या नावाने संस्था निघाली आणि भारतासह अनेक देशांतील कार्यकर्ते तेथे शिकून गेले.

आशा बाळगणे म्हणजे वारा अनुकूल होईपर्यंत किनाऱ्यावर बसून राहणे नव्हे. फळ दिसत नसतानाही फादर टॉम्पकिन्स रोज एकेक दार ठोठावीत राहिले. प्रार्थनेसाठी जमलेल्या माणसांनी तिथून उठताना शेजाऱ्याच्या कर्जाचाही विचार करावा, एवढेच त्यांचे मागणे होते. गरीब गावातील लहानशा चर्चलाही हे करता येते. त्यासाठी दानपेटी भरलेली असावी लागत नाही.